पाण्याचे आडवे छेद : एका तलावाच्या साठ्याचा चुकलेला हिशेब

काठोकाठ भरलेल्या तलावात १,०५,६०० घनमीटर पाणी, रोजचा उपसा ७०० घनमीटर, म्हणजे दीडशे दिवसांची बेगमी. या एका ओळीच्या हिशेबावर पाणीवाटपाचं वेळापत्रक बेतलं गेलं. पहिले दोन महिने सगळं सुरळीत वाटलं. नव्वदाव्या दिवसाच्या सुमारास पाणी झपाट्याने उतरू लागलं आणि एकशे दहाव्या दिवशी विमोचकाच्या, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या नळाच्या, तोंडाशी चिखल उरला. कुठे गळती नव्हती, चोरून उपसा नव्हता. हिशेबात धरलेलं पाणी तलावात कधी नव्हतंच.

हे प्रकरण नमुन्याचं आहे. गणित डोळ्यांसमोर राहावं म्हणून आकडे गोल धरले आहेत. चुका मात्र जिथे जिथे घनफळ मोजावं लागतं तिथे नेहमी होणाऱ्या आहेत. सगळ्यांचं मूळ एकच: आडवा छेद कोणत्या पातळीवर घेतला आणि त्या छेदात नेमकं काय आलं, याकडे झालेलं दुर्लक्ष.

पहिला आकडा कसा निघाला

तलावाजवळच्या पक्क्या बेंचमार्कला (उंची मोजण्यासाठीच्या कायमच्या खुणेला) १००.०० मीटर धरून सगळ्या पातळ्या बांधल्या होत्या. सांडव्याचा माथा १०६.०० वर, तळातला सर्वांत खोल बिंदू ९९.४० वर, विमोचकाच्या नळाचं तोंड १०१.०० वर. भरल्या तलावाचं पाणपृष्ठ ३२,००० चौरस मीटर. सर्वांत जास्त खोली ६.६ मीटर, तिची निम्मी ३.३, गुणिले ३२,०००. झाले १,०५,६०० घनमीटर.

‘निम्मी खोली’ हे गृहीतक दिसतं तेवढं निरुपद्रवी नाही. तळापासून माथ्यापर्यंत क्षेत्रफळ एकसारख्या दराने वाढत असेल, तरच ते लागू पडतं. शंकूच्या आकाराचा खड्डा असेल तर निम्म्याऐवजी एक तृतीयांश धरावा लागतो. उभ्या भिंतींच्या टाकीत पूर्ण खोली धरावी लागते. खरा तलाव यांच्यामध्ये कुठेतरी असतो आणि नेमका कुठे, ते आडवे छेद घेतल्याशिवाय कळत नाही. या तलावाचा गुणांक शेवटी ०.४४ निघाला.

छेद घ्यायचा कसा

आडवा छेद म्हणजे एका ठरावीक उंचीवर वस्तू सपाट कापली असता दिसणारी आकृती. तलावाच्या बाबतीत हे काम पाणी स्वतःच करतं, कारण स्थिर पाण्याची कड ही त्या पातळीची समोच्च रेषाच, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ, असते. म्हणून सर्वांत सोपी पद्धत अशी: पाणी उतरत जाईल तसतसं दर अर्ध्या किंवा एक मीटरला कडेने फिरायचं, जिथे काठ वळतो तिथे बिंदू घ्यायचा आणि त्या वेळची पातळी लिहून ठेवायची. हे वाऱ्याच्या दिवशी करू नये. वारा पाणी एका काठाला लोटतो आणि छेद तिरका होतो. कडेला दिसणारी फेसाची किंवा ओलसर मातीची रेघ धरू नये. ती आदल्या दिवशीची असते.

काठ जितका सपाट, तितकी ही काळजी जास्त. बांधाच्या बाजूला १:२ उतार असेल तर पातळीत ५ सेंटीमीटर चूक झाल्यावर रेघ १० सेंटीमीटर सरकते. पाणी येतं त्या बाजूला १:२० उतार असेल तर तीच चूक रेघ एक मीटर सरकवते. एकाच रेघेवर एका बाजूची चूक दुसरीच्या दहापट होते.

पाणी उतरायची वाट पाहणं शक्य नसेल तर नावेतून खोली मोजावी लागते. तलावावर १० मीटरच्या अंतराने आडव्या रेषा आखायच्या आणि प्रत्येक रेषेवर दर ५ मीटरला खोली घ्यायची. दोरीला बांधायचं वजन टोकदार नको, चपट्या बुडाचं हवं. टोकदार वजन मऊ गाळात रुततं आणि प्रत्येक ठिकाणी खोली थोडी जास्त भरते. सगळ्या चुका एकाच दिशेच्या असल्याने त्या एकमेकींना खाऊन टाकत नाहीत, साचत जातात. दर तासाला गेजपट्टी, म्हणजे पाण्यात उभी केलेली पातळीच्या खुणांची पट्टी, वाचायची. पाण्याच्या पातळीतून खोली वजा केली की त्या जागेचा तलांक (बेंचमार्कच्या हिशेबातली उंची) मिळतो आणि तलांकांवरून समोच्च रेषा ओढता येतात.

क्षेत्रफळ काढायला बिंदूंचे निर्देशांक असले की पुरे. प्रत्येक बिंदूचा आडवा निर्देशांक पुढच्याच्या उभ्याशी गुणायचा, पुढच्याचा आडवा याच्या उभ्याशी गुणून त्यातून वजा करायचा, शेवटचा बिंदू पहिल्याशी जोडायचा, सगळ्यांची बेरीज करून निम्मी घ्यायची. बिंदू क्रमाने नसतील तर रेघ स्वतःलाच छेदते आणि उत्तर गुपचूप कमी येतं. आकडा बघून हे ओळखू येत नाही, आकृती काढून पाहिली की लगेच दिसतं. मध्ये बेट असेल तर त्याचं क्षेत्रफळ वेगळं काढून वजा करायचं.

या तलावाचे छेद असे निघाले:

तलांक १००.०० : १,२०० चौ.मी.
तलांक १०१.०० : ४,८०० चौ.मी.
तलांक १०२.०० : ९,६०० चौ.मी.
तलांक १०३.०० : १५,२०० चौ.मी.
तलांक १०४.०० : २१,००० चौ.मी.
तलांक १०५.०० : २६,८०० चौ.मी.
तलांक १०६.०० : ३२,००० चौ.मी.

सूत्रावरचा वाद

आता या सात कापांमधलं घनफळ. लागोपाठच्या दोन क्षेत्रफळांची सरासरी गुणिले उंची, अशी बेरीज केली तर १०० ते १०६ दरम्यान ९४,००० घनमीटर येतात. शंकूछेदाचं सूत्र लावलं, म्हणजे दोन क्षेत्रफळं आणि त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ यांची बेरीज करून तिला उंचीच्या एक तृतीयांशाने गुणलं, तर ९३,३८१ येतात. सिम्पसनच्या नियमाने, म्हणजे मधल्या छेदांना आळीपाळीने चौपट आणि दुप्पट वजन देऊन, ९३,८६७.

तळ, माथा आणि मधला १०३ चा, असे तीनच छेद घेऊनही काम भागतं. तळ अधिक माथा अधिक मधल्याची चौपट, भागिले सहा, गुणिले खोली. उत्तर पुन्हा ९४,०००. हा नियम आपल्याकडे जुना आहे. इ.स. ११५० च्या ‘लीलावती’त, खातव्यवहारात (खड्ड्यांच्या हिशेबाच्या प्रकरणात), भास्कराचार्य खड्ड्याचं घनफळ असंच काढायला सांगतात: तोंडाचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ आणि दोन्हींच्या बाजूंची बेरीज करून येणाऱ्या आकृतीचं क्षेत्रफळ एकत्र करा, सहाने भागा, खोलीने गुणा. बाजूंच्या बेरजेची आकृती ही मधल्या छेदाच्या चौपट असते, म्हणून दोन्ही नियम एकच. मातीकामाच्या हिशेबात हेच सूत्र आजही चालतं.

सूत्रासूत्रांत जास्तीत जास्त फरक ६१९ घनमीटरचा, म्हणजे एक टक्काही नाही. तरी चर्चेचा बराच वेळ कोणतं सूत्र बरोबर यावरच जातो. आता दुसरा आकडा पाहा. या तलावाच्या गेजपट्टीचा पाया १० सेंटीमीटर खचला होता. पट्टीवर १०६.०० दिसत असताना पाणी खरं १०५.९० वर होतं. त्या उंचीला पाणपृष्ठ जवळजवळ ३२,००० चौरस मीटर, म्हणजे दहा सेंटीमीटरचा तो एक पापुद्रा तीन हजार घनमीटरच्या वर भरतो. सूत्रांच्या सगळ्या वादापेक्षा पाचपट मोठी चूक एका खचलेल्या पट्टीत होती. त्यात खोल्या मोजताना पाण्याची पातळी याच पट्टीवरून घेतली असती तर तळाचे सगळे तलांकही दहा सेंटीमीटरने वर सरकले असते आणि चूक नकाशातच मुरली असती.

म्हणून मोजणीच्या आदल्या दिवशी ऑटो लेव्हलने (उंचीतला फरक मोजणाऱ्या दुर्बिणीच्या उपकरणाने) बेंचमार्कपासून गेजपट्टीच्या शून्यापर्यंत पातळी आणायची आणि परत बेंचमार्कवर जाऊन फेरी मिटवायची. तासाभराचं काम आहे. बाकी काहीही टाळा, हे टाळू नका.

१०२ चा छेद

या प्रकरणातली खरी गाठ १०२.०० च्या छेदात होती. तक्त्यात ९,६०० चौरस मीटर असा एकच आकडा आहे. पण आकृती काढून पाहिली तर त्या पातळीला एक वळसा नाही, दोन आहेत. ७,४०० चौरस मीटरचा मुख्य डोह आणि त्याच्या मागे २,२०० चौरस मीटरचा दुसरा डोह. मध्ये पाण्याखाली गेलेला जुना मातीचा बांध. त्याच्या माथ्यावरची सर्वांत खालची जागा १०२.३० वर.

पाणी १०२.३० च्या वर असेपर्यंत दोन्ही डोह एकच तलाव असतात. त्याखाली उतरलं की मागचा डोह तुटतो. विमोचक मुख्य डोहात असल्याने मागचं पाणी तिथेच अडकतं आणि उन्हाने आटत राहतं. संगणकाची प्रणाली एका पातळीवरच्या सगळ्या बंद वळशांची बेरीज करून देते. ते वळसे एकमेकांना जोडलेले आहेत का, हे ती विचारत नाही. तक्ता बरोबर असतो आणि तरी पाणी मिळत नाही.

मागच्या डोहाचा वेगळा हिशेब केला. तळ १००.४० वर, १०१ ला क्षेत्रफळ ९००, १०२ ला २,२००, १०२.३० ला २,७००. घनफळ सुमारे २,४०० घनमीटर. वेगळा हिशेब केल्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली. १०० ते १०१ या थरात दोन्ही डोह एकत्र धरून शंकूछेदाचं सूत्र २,८०० घनमीटर देतं. प्रत्यक्षात १०० च्या पातळीला मागचा डोह अस्तित्वातच नाही. दोन्ही वेगळे मोजले तर तो थर २,६०० चाच भरतो. छेद फुटत असेल तिथे प्रत्येक तुकडा त्याच्या वाटेने खालपर्यंत न्यावा लागतो.

सर्वांत खालच्या छेदाखालची टोपी बहुतेक वेळा विसरली जाते. ९९.४० ते १००.०० हा भाग शंकू धरला तर १,२०० गुणिले ०.६ भागिले ३, म्हणजे २४० घनमीटर. एवढ्याने इथे बिघडत नाही, पण रुंद सपाट तळाच्या तलावात हीच टोपी मोठी असते.

एकूण साठा ९३,४०० घनमीटर ठरला. त्यातून विमोचकाच्या तोंडाखालचे मुख्य डोहातले सुमारे २,७०० आणि मागच्या डोहात अडकणारे २,४०० गेले. हाती येणारं पाणी ८८,३०० घनमीटर.

दीडशेचे एकशे दहा कसे झाले

८८,३०० भागिले ७०० म्हणजे १२६ दिवस. तरीही पाणी ११० दिवसांतच संपलं. उरलेले सोळा दिवस बाष्पीभवनात गेले आणि तेही आडव्या छेदावरूनच मोजायचं असतं, कारण पाणी उडून जातं ते पृष्ठभागावरून. रोज ५ मिलिमीटर धरलं तर भरल्या तलावातून दिवसाला १६० घनमीटर जातात. १०३ च्या पातळीला ७६. सरसकट एकच आकडा धरण्यापेक्षा थराथराने हिशेब केला तो असा: १०६ ते १०५ हा मीटर ३५ दिवस पुरतो, १०५ ते १०४ हा २९, १०४ ते १०३ हा २३. १०३ ते १०२.३० ला १२ दिवस, तिथून १०२ पर्यंत जेमतेम ३ आणि शेवटचा १०२ ते १०१ हा मीटर ८ दिवस. झिरपा यात धरलेला नाही. जमीन पाझरणारी असेल तर तो वेगळा वजा करावा लागेल.

पहिला मीटर ३५ दिवस आणि शेवटचा ८. गेजपट्टी पाहून अंदाज बांधणारा माणूस इथेच फसतो. दोन महिन्यांत पाणी दोनच मीटर उतरलं म्हणून तो निश्चिंत राहतो, आणि पुढचे तीन मीटर ४६ दिवसांत संपतात. पट्टीवर दोन खुणांमधलं अंतर सारखं असतं, त्या अंतरात मावणारं पाणी सारखं नसतं. गेजपट्टीशेजारी दर १० सेंटीमीटरचा साठा लिहिलेला तक्ता लावणं हा यावरचा साधा उपाय आहे.

हीच सुरी इतरत्र

तलावात जे घडलं ते इतर क्षेत्रांतल्या लोकांना ओळखीचं वाटेल. जहाजबांधणीत जहाजाच्या बुडत्या भागाचे पाण्याच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर आडवे छेद घेतात आणि सिम्पसनच्या नियमाने विस्थापन, म्हणजे जहाजाने बाजूला सारलेलं पाणी, काढतात. गेजपट्टीच्या दहा सेंटीमीटरचा प्रश्न तिथे रोजचाच असतो: पाणरेषेवरचा छेद २,००० चौरस मीटर असेल, तर समुद्रात जहाज एक सेंटीमीटर आणखी बसण्यासाठी २०.५ टन भार लागतो. नदीच्या गोड्या पाण्यात २० टनच पुरतात. पाण्याची घनता विसरून जहाजाची खूण वाचणं म्हणजे खचलेली पट्टी वाचण्यासारखंच.

वनीकरणात उभ्या झाडाचा छेद जमिनीपासून १.३ मीटरवर मोजतात, उतारावर असेल तर चढाच्या बाजूने. ही उंची ठरवून दिली नसती तर बुंध्याच्या फुगवट्यामुळे प्रत्येकाचा घेर वेगळा आला असता. तोडलेल्या ओंडक्याला तलावाचीच सूत्रं लागतात: दोन टोकांच्या छेदांची सरासरी, नुसता मधला छेद, किंवा दोन्ही टोकं आणि मधल्याची चौपट. बुडाकडच्या फुगीर ओंडक्याला टोकांची सरासरी लावली की लाकूड कागदावर वाढतं.

सीटी स्कॅनमध्ये शरीराचे आडवे काप घेतात. अवयवाची कड प्रत्येक कापावर आखून क्षेत्रफळांची बेरीज गुणिले कापांमधलं अंतर केलं की घनफळ मिळतं. पण काप ५ मिलिमीटर जाडीचा असेल आणि गाठ ६ मिलिमीटरची, तर गाठ आणि तिच्याभोवतालची ऊती एकाच करड्या छटेत मिसळून जातात. शिवाय हे काप पायांकडून वर पाहिल्यासारखे दाखवतात, त्यामुळे रुग्णाची उजवी बाजू चित्रात डावीकडे येते. घराचा नकाशाही आडवा छेदच, पण तो वरून खाली पाहतो. तो साधारण १.२ मीटर उंचीवर घेतात, म्हणजे दारं आणि ०.९ मीटर उंबऱ्याच्या खिडक्या कापात सापडतात. झरोका त्याहून वर असल्याने तुटक रेघेने दाखवावा लागतो. ती तुटक रेघ विसरली की गवंडी तिथे सलग भिंत बांधतो.

त्रिमितीय छपाईत वस्तू ०.२ मिलिमीटरच्या आडव्या थरांनी उभी राहते. उभ्या बाजू गुळगुळीत येतात, मंद उतारावर मात्र पायऱ्या उमटतात. तलावाच्या १:२० च्या काठावर रेघ एक मीटर सरकली, त्याचं हेच कारण. उपायही एकच: उतार मंद असेल तिथे छेद जवळजवळ घ्या. या तलावात १०३ च्या खाली अर्ध्या मीटरने छेद घेतले असते तर मधल्या बांधाचा माथा कुठे आहे, ते पहिल्याच नकाशात जास्त नेमकं कळलं असतं.

पुढे काय केलं

गेजपट्टी नव्या पायावर बसवून बेंचमार्कशी जुळवली. वेळापत्रक ११० दिवसांवर आणलं आणि १०३ च्या खाली पाणी गेल्यावर उपसा कमी करायचं ठरलं. जुन्या बांधात १०१.०० पर्यंत खाच कापायची, हा तिसरा निर्णय. त्याने मागच्या डोहातले सुमारे २,२०० घनमीटर मोकळे होतात, म्हणजे आणखी तीन दिवसांचं पाणी. १०१ च्या खालचे १८० घनमीटर तिथेच राहतील, त्यासाठी जास्त खोदण्यात अर्थ नाही. खाचेच्या बाजूंना उतार द्यावा आणि तळाला दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) करावं, नाहीतर पहिल्या भरतीतच मातीचे काठ ढासळून खाच पुन्हा बुजेल. खाच झाल्यावर १०२ चा छेद नव्याने घ्यावा लागेल, कारण त्या पातळीला आता दोन डोह वेगळे राहणार नाहीत आणि जुना तक्ता त्याच दिवशी रद्द होईल.